राजकारण आणू नको भो, असं म्हणणाऱ्या फुटबॉलवाल्यांसाठी

आपल्याकडे क्रिकेटपुढे फुटबॉल बघणारे तसे कमीच, पण जे आहेत ते एकदम कट्टर. जळगाव घ्या, धुळं घ्या, भुसावळ घ्या, शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत मॅच बघत बसणारी पोरं कुठेही सापडतात, आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: "भो, फुटबॉलचं बोल ना, पॉलिटिक्स कशाला मधे आणतो." कोणी इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबच्या सौदी मालकाबद्दल काही टाकलं, कतारबद्दल टाकलं, सौदीतल्या २०३४ च्या वर्ल्डकपबद्दल टाकलं की लगेच हे वाक्य. मला ते पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा विषय वरून दिसतो तेवढा सरळ नाही, त्यात पैसा आहे, कायदा आहे, देशादेशांचं राजकारण आहे, आणि आपल्यासारख्या फॅनला त्यात एक काम दिलेलं आहे जे आपण फुकटात करून राहिलो.

आधी हे की राजकारण आपण आणत नाही, ते आपल्या आधीपासून आत बसलेलं आहे. १९३४ चा वर्ल्डकप इटलीत झाला तेव्हा मुसोलिनीने तो आपल्या राजवटीच्या जाहिरातीसाठी वापरला. १९७८ ला अर्जेंटिनात लष्करी हुकूमशाही होती, फायनल ब्युनोस आयर्सच्या ज्या स्टेडियममध्ये झाली तिथून थोड्याच अंतरावर नौदलाच्या एका शाळेत सरकारविरोधी लोकांना कोंडून त्यांचा छळ चालू होता. हे आता सगळ्यांना माहीत आहे.

पण मला सगळ्यात जास्त हलवून सोडणारी गोष्ट चिलीची आहे. सप्टेंबर १९७३ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि सॅन्टियागोच्या नॅशनल स्टेडियममध्ये हजारो लोकांना डांबलं, तिथे मारहाण झाली, माणसं मारली गेली. आणि नेमकं त्याच स्टेडियममध्ये चिली विरुद्ध सोव्हिएत युनियन अशी वर्ल्डकप पात्रतेची मॅच होती. सोव्हिएतवाले म्हणाले आम्ही असल्या मैदानावर खेळणार नाही. फिफाने, म्हणजे जगाचा फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेने, माणसं पाठवून स्टेडियम तपासलं आणि सगळं ठीकठाक आहे म्हणून सांगितलं, कैदी तेव्हा तिथेच होते, फक्त नजरेआड ठेवलेले. मग २१ नोव्हेंबरला काय झालं तर चिलीची टीम एकटीच मैदानात उतरली, समोर कोणीच नाही, पोरांनी एकमेकांना पास देत देत बॉल पुढे नेला आणि कॅप्टनने रिकाम्या गोलमध्ये मारला. चिली १९७४ च्या वर्ल्डकपला गेली. आता सांगा, इथे राजकारण कोणी आणलं, खेळायला नाही म्हणणाऱ्यांनी की ठीकठाक म्हणणाऱ्यांनी? सोव्हिएत सरकार काही संत नव्हतं, त्यांचे स्वतःचे तुरुंग भरलेले होते हे मला माहीत आहे, पण म्हणून त्या स्टेडियममधले कैदी खोटे होत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता स्पोर्ट्सवॉशिंग म्हणजे काय ते बघू. एखाद्या देशाच्या सरकारचं नाव जगात वाईट गोष्टींसाठी घेतलं जातं, पत्रकार मारला, ट्विट केलं म्हणून तुरुंगात टाकलं, मजुरांचे हाल केले. मग ते सरकार किंवा त्याच्या जवळचा कोणी एखादा क्लब विकत घेतं, एखादी स्पर्धा भरवतं, आणि हळूहळू त्या देशाचं नाव काढलं की लोकांना पहिले गोल आठवतात, ट्रॉफी आठवते. बऱ्याच जणांना वाटतं यात टीव्हीवरच्या जाहिरातीचा फायदा असतो. तो आहेच, पण खरा फायदा वेगळा आहे. जाहिरात बघणारा माणूस जाहिरातदारासाठी कोणाशी भांडत नाही, फॅन भांडतो. क्लब विकत घेतला की त्याच्यासोबत लाखो असे लोक मिळतात जे त्या क्लबवर लहानपणापासून जीव लावून आहेत, आणि मालकावर टीका झाली की त्यांना ती आपल्या टीमवर टीका वाटते आणि ते आपोआप मालकाची बाजू घेऊन उभे राहतात. पगार नाही, काही नाही.

याचं उदाहरण बघायचं तर मार्च २०२२ मधला तो आठवडा बघा. रशियाने युक्रेनवर हल्ला केलेला होता. लंडनच्या चेल्सी क्लबचा रशियन मालक रोमन अब्रामोविच, ज्याने २००३ मध्ये क्लब घेतला होता, पुतिनच्या जवळचा समजला जायचा. ५ मार्चला बर्नलीच्या मैदानावर युक्रेनसाठी टाळ्या वाजवायचा कार्यक्रम चालू होता आणि चेल्सीच्या काही फॅन्सनी त्याच वेळी अब्रामोविचच्या नावाचा जयघोष सुरू केला. कोच थॉमस टुखेलने मॅचनंतर स्पष्ट सांगितलं की ही वेळ त्याची नव्हती. १० मार्चला ब्रिटिश सरकारने अब्रामोविचवर निर्बंध टाकले. १२ मार्चला सौदी अरेबियाने एका दिवसात ८१ माणसांना मृत्युदंड दिला. आणि १३ मार्चला चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर मॅच कोणाची, तर चेल्सी विरुद्ध न्यूकॅसल, म्हणजे निर्बंध लागलेल्या रशियन मालकाचा क्लब विरुद्ध सौदीच्या सरकारी फंडाचा क्लब. चेल्सीने १-० ने जिंकली, हावर्ट्झने शेवटी शेवटी गोल मारला. मॅचनंतर न्यूकॅसलचा कोच एडी हाव याला ८१ जणांबद्दल विचारलं तर तो म्हणाला मी फुटबॉलबद्दलच बोलणार. माणूस चांगला कोच आहे, त्याला या प्रश्नात अडकवणं त्याच्यावर थोडा अन्यायच आहे, कारण क्लब त्याने विकला नाही आणि त्याने घेतलाही नाही. पण मालक कधीच पत्रकारांसमोर येऊन बसत नाही, म्हणून कोच सापडतो, खेळाडू सापडतो आणि शेवटी फॅन सापडतो. ही सिस्टीमच तशी आहे.

न्यूकॅसलचा सौदा झाला ऑक्टोबर २०२१ मध्ये, साधारण ३० कोटी पौंडाला, आणि ८० टक्के हिस्सा सौदीच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाने घेतला. या फंडाचे अध्यक्ष युवराज मोहम्मद बिन सलमान. २ ऑक्टोबर २०१८ ला पत्रकार जमाल खशोगी यांना इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात मारण्यात आलं, आणि त्या कारवाईला युवराजांची मंजुरी होती असा अमेरिकन गुप्तचरांचा अहवाल आहे, युवराज ते नाकारतात. तर प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगने, सौदा मंजूर करताना काय सांगितलं, की सौदी सरकार क्लबवर कंट्रोल ठेवणार नाही अशी कायदेशीर हमी आम्हाला मिळाली आहे. म्हणजे फंड वेगळा आणि सरकार वेगळं. ठीक. पुढे २०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेत गोल्फच्या एका केसमध्ये याच फंडाला कोर्टाने कागदपत्रं मागितली, तेव्हा फंडाच्या वकिलांनी सांगितलं की आम्ही सार्वभौम सरकारचा भाग आहोत, आमचे गव्हर्नर यासिर अल-रुमय्यान हे सौदी सरकारचे विद्यमान मंत्री आहेत, त्यामुळे आम्हाला सवलत पाहिजे. आणि हेच रुमय्यान न्यूकॅसलचे चेअरमन. इंग्लंडमध्ये सरकार नाही, अमेरिकेत सरकार आहे! इतकं उघड आहे हे. तरी मी मान्य करतो की मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला हरवून लीग कप घेतला तेव्हा मला त्या शहरातल्या लोकांसाठी मनापासून बरं वाटलं, सत्तर वर्षं त्यांच्याकडे देशातली एकही मोठी ट्रॉफी नव्हती, आजोबा गेले बाप म्हातारे झाले, त्यांचा आनंद खरा होता. त्या आनंदावर कोणी डल्ला मारला असेल तर तो सौदा मंजूर करणाऱ्यांनी.

मी स्वतः आर्सेनलवाला आहे, तर दुसऱ्यांच्याच क्लबबद्दल बोललो असं व्हायला नको. आर्सेनलच्या छातीवर २००६ पासून दुबईच्या विमान कंपनीचं नाव आहे, स्टेडियमला पण तेच नाव आहे. २०१८ पासून २०२५-२६ च्या सीझनपर्यंत बाहीवर रवांडाच्या टुरिझमची जाहिरात, आणि २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या काँगोमध्ये एम२३ नावाच्या बंडखोरांनी गोमा शहर घेतलं, त्यांना रवांडाची मदत आहे असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात, रवांडा नाकारतं. काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आर्सेनलला, आणि रवांडाशी तसाच करार असलेल्या बायर्न म्युनिक आणि पीएसजी या क्लबांना पत्र लिहून जाहिरात थांबवायला सांगितलं होतं.

आणि ओझिलचं प्रकरण तर मला अजून टोचतं. डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेनलचा तेव्हाचा खेळाडू मेसुत ओझिलने चीनमधल्या उइगुर मुसलमानांच्या छळाबद्दल पोस्ट टाकली, तर क्लबने लगेच चिनी सोशल मीडियावर जाहीर केलं की ही त्याची वैयक्तिक मतं आहेत, क्लब राजकारणात पडत नाही. चीनच्या सरकारी टीव्हीने आर्सेनल-मँचेस्टर सिटी मॅच दाखवलीच नाही. सहा महिन्यांनी जून २०२० मध्ये प्रीमियर लीगच्या सगळ्या टीमांनी शर्टावर खेळाडूंच्या नावाऐवजी ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर, म्हणजे काळ्या लोकांवरच्या अन्यायाविरुद्धच्या चळवळीचं नाव, लिहून मॅचेस खेळल्या, आर्सेनलने पण. ते केलं ते चांगलंच केलं. पण मग राजकारणात पडत नाही हे तत्त्व कुठे गेलं? तत्त्व नव्हतंच, चीनच्या मार्केटचा हिशोब होता. ओझिलचे तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबतचे फोटो, लग्नात एर्दोआन साक्षीदार, हे सगळं मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही. तरी उइगुरांबद्दल तो बोलला ते बरोबरच होतं. एक माणूस एका बाबतीत चुकीचा आणि दुसऱ्या बाबतीत बरोबर असू शकतो, हे फुटबॉल फॅनला खेळाडूच्या फॉर्मबद्दल लगेच कळतं, मतांबद्दल मात्र कळत नाही.

आता कतार. २०२२ चा वर्ल्डकप नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाला, म्हणजे आपल्याकडे भरताचा सीझन, शेतात काडीवर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या पुऱ्या, आणि सोबत मोबाईलवर मॅच. तिथेही वाद झालेच. एक जण म्हणायचा स्टेडियम बांधताना साडेसहा हजार मजूर मेले, दुसरा म्हणायचा खोटं आहे, तीनच मेले. दोन्ही आकडे कुठून आले ते सांगतो. गार्डियन या ब्रिटिश पेपरने फेब्रुवारी २०२१ मध्ये छापलं की यजमानपद मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका या पाच देशांचे साडेसहा हजारांवर लोक कतारमध्ये मेले. हे सगळे मृत्यू आहेत, फक्त स्टेडियमवरचे नाहीत, त्यात वेगवेगळी कामं करणारे सगळे आले. यात भारतीय २,७११. कतारच्या आयोजकांचा आकडा फक्त स्टेडियमच्या साइटवरचा, ३७ मृत्यू आणि त्यातले कामामुळे ३. रस्ते, मेट्रो, हॉटेलं, हे त्यात धरलेलंच नाही, जणू वर्ल्डकप नुसत्या स्टेडियमवर होतो. आणि खरी मेख पुढे आहे, भारतीयांच्या मृत्यूंपैकी साधारण ८० टक्के नैसर्गिक मृत्यू म्हणून नोंदलेले. तरणाताठा माणूस उन्हात काम करून येतो, रात्री झोपतो आणि सकाळी उठत नाही, पोस्टमार्टेम होत नाही, कागदावर हार्ट फेल, आणि मृत्यू नैसर्गिक म्हटला की कामावरच्या मृत्यूची भरपाई नाही.

कफाला पद्धत म्हणजे काय तेही समजून घ्या, कारण तिच्याशिवाय हे कळणार नाही. आखातात परदेशी कामगाराचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. नोकरी बदलायची तर त्याच मालकाची परवानगी, कतारमध्ये तर देश सोडायला पण मालकाची परवानगी लागायची. त्यात जाण्याआधी एजंटला पैसे दिलेले, ते व्याजाने काढलेले, पासपोर्ट बऱ्याचदा मालकाकडे. आपल्या नंदुरबारकडून गुजरातला ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते, तसंच हे, फक्त इथे मधे समुद्र आहे आणि भाषा परकी. त्यामुळे पगार चार महिने थकला तरी माणूस काम सोडू शकत नाही.

आता राजकारण आणू नका म्हणणाऱ्यांनी हे बघावं. वर्ल्डकप मिळाला म्हणून जगाचं लक्ष कतारकडे गेलं, कामगार संघटना, पत्रकार, काही फुटबॉल फेडरेशन्स मागे लागले, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं ऑफिस २०१८ मध्ये दोहात उघडलं, देश सोडायच्या परवानगीची अट बहुतेक कामगारांसाठी गेली, २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाची परवानगी लागणार नाही असा कायदा झाला, मार्च २०२१ पासून महिन्याला १,००० रियाल किमान पगार लागू झाला. अंमलबजावणी कच्ची राहिली, बऱ्याच जणांना अजून त्रास आहे, हे खरं. पण जे काही थोडंफार बदललं ते लोक बोलले म्हणून बदललं. सगळे "फक्त फुटबॉल बघा" म्हणत बसले असते तर तेवढंही झालं नसतं.

फिफा स्वतःला राजकारणापासून लांब म्हणवते, त्याचा अनुभव आपल्याला पण आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतालाच सस्पेंड केलं. कारण काय, तर निवडणुका लांबल्या म्हणून सुप्रीम कोर्टाने आपल्या फुटबॉल फेडरेशनवर प्रशासकांची कमिटी बसवली होती, आणि फिफाच्या नियमात राष्ट्रीय फेडरेशनच्या कारभारात बाहेरच्या कोणी हस्तक्षेप केलेला चालत नाही. अकरा-बारा दिवसांत कमिटी गेली आणि बंदी उठली, ऑक्टोबरला मुलींचा अंडर-१७ वर्ल्डकप आपल्याकडे होता म्हणून सगळ्यांची धावपळ. नियम मुळात वाईट नाही, सरकारं फेडरेशन गिळतात म्हणून तो आहे. पण एका बाजूला कोर्टाची कमिटी चालत नाही आणि दुसऱ्या बाजूला २०३४ चा वर्ल्डकप सौदीला, एकच अर्ज, ११ डिसेंबर २०२४ ला ऑनलाइन सभेत मतपत्रिका न वाटता टाळ्या वाजवून मंजूर. आणि २०२६ च्या वर्ल्डकपच्या ड्रॉमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना फिफाचं शांतता पारितोषिक. याला राजकारणापासून लांब राहणं म्हणत असतील तर जवळ जाणं कसं असतं मला कल्पना करवत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाला मात्र चार दिवसांत बाहेर काढलं होतं, म्हणजे मनात आणलं की जमतं.

यावर एक उत्तर नेहमी येतं: मग इंग्लंडने काय कमी केलं, अमेरिकेने इराक नाही का फोडला, गोऱ्यांचं चालतं आणि अरबांचंच दिसतं का? यात तथ्य आहे, आणि मी ते झटकून टाकत नाही. कतारवर तुटून पडलेल्या युरोपियन पेपरांमध्ये काहींच्या सुरात तुच्छता होती, ती आपल्याला इथून लगेच कळते. पण या युक्तिवादाचा शेवट काय होतो बघा. इराकमध्ये मेलेल्याला पण न्याय नाही आणि दोहात मेलेल्या मजुरालाही नाही. चिलीच्या वेळी पण हेच झालं असतं, सोव्हिएतवाले वाईट म्हणून कैदी विसरा.

दुसरं उत्तर आपल्या इकडचं: अरे, आपल्या रावेर-यावलची केळी आखातात जातात, आपली पोरं तिकडे वेल्डर, ड्रायव्हर म्हणून जातात, त्यांच्या पैशावर इथे घरं उभी राहतात, मग आपण कुठल्या तोंडाने बोलायचं? मला वाटतं आपण तर जास्तच बोललं पाहिजे. केळी विकणारा शेतकरी माल देतो आणि पैसे घेतो, त्याला कोणी म्हणत नाही की आता आमच्या राजाचं कौतुक कर. क्लबच्या फॅनकडून मात्र तेच काढून घेतलं जातं. आणि तिकडे कष्ट करणारा माणूस आपलाच आहे म्हटल्यावर त्याच्या पगाराचं, त्याच्या उन्हातल्या तासांचं विचारणं हा लंडनच्या पेपरवाल्यापेक्षा आपला हक्क मोठा आहे.

तिसरं, एकट्याने काय फरक पडतो. एकट्याने नाही पडत. पण एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी सुपर लीग नावाची स्वतःची वेगळी स्पर्धा काढली, फॅन्स रस्त्यावर उतरले, चेल्सीच्या टीमची बस अडवली, आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब माघारी फिरले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीच्या खुनानंतर ड्युरँड कप स्पर्धेतली डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन टीमांची मॅच, सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली, तेव्हा मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे लोक, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहून न्याय मागत होते. आणि पैशाचं म्हणाल तर २०२२ पासून प्रीमियर लीगला इंग्लंडपेक्षा बाहेरच्या देशांमधून टीव्हीचे जास्त पैसे मिळतात, म्हणजे भुसावळला बसून बघणारा माणूस पण त्या हिशोबात धरलेला आहे.

मी कोणाला टीम सोडायला सांगत नाही. मी आर्सेनल सोडणार नाही, टीम अशी सोडता येत नसते. सांगणं एवढंच की टीम आपली आहे, मालक आपला नाही. गोलला ओरडा, खेळाडूला डोक्यावर घ्या, पण मालकाबद्दल बातमी आली की "तुमच्या क्लबचं बघ आधी" असं लिहायच्या आधी ती बातमी वाचा. कोणी टीका केली तर ती सिटीच्या पोराने केली की युनायटेडच्या, याने ती खरी-खोटी ठरत नाही.

आणि २०३४ बद्दल विचारायचे प्रश्न आत्तापासून ठरलेले आहेत. सौदीमध्ये एक कोटीच्या वर परदेशी कामगार आहेत, त्यात भारतीय लाखोंनी, आणि तिथे कामगारांना युनियन काढता येत नाही. साइटवर माणूस मेला तर पोस्टमार्टेम होणार का? भरपाई कोणत्या कागदावर मिळणार? एजंटला दिलेले पैसे कंपनी परत करणार का? पगार थकला तर तक्रार कुठे आणि कोणत्या भाषेत? फिफा या प्रश्नांची उत्तरं आज लेखी घेऊ शकते, यजमानपद देताना घ्यायला पाहिजे होती, अजूनही घेता येतात, कारण बांधायची कामं अजून बरीच बाकी आहेत आणि त्यासाठी लागणारी माणसं अजून आपापल्या गावातच आहेत.